खोटा कर्नल, खरी साक्ष? (जॉर्ज वॉशिंग्टन विल्यम्स, १८४९–१८९१)

खारेदाणे

सासू-सासरे पुण्याहून आलेत. कोलंबसमध्ये पाहुण्यांना दाखवण्यासारखं दोन दिवसांत संपतं, म्हणून तिसऱ्या दिवशी ओहायोच्या विधानभवनाची फुकट टूर केली. तिथे एका खोलीला जॉर्ज वॉशिंग्टन विल्यम्सचं नाव दिलंय. सासरे म्हणाले, "हा तो पहिला राष्ट्राध्यक्ष ना?" मी म्हटलं, "नाही बाबा, त्याच्या नावापुढे विल्यम्स नव्हतं." घरी आल्यावर मात्र मलाच चैन पडेना. दोन रात्री वाचत बसलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १८४९ साली पेनसिल्वेनियात बेडफर्ड स्प्रिंग्जला जन्म. शाळा जवळजवळ नाहीच. चौदाव्या वर्षी वय चोरून, नाव बदलून यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेत घुसला. युद्ध संपल्यावर गडी मेक्सिकोत, मॅक्सिमिलियन बादशहाविरुद्ध लढणाऱ्यांच्या बाजूने. परत येऊन १८६७ मध्ये दहाव्या घोडदळात भरती. १८६८ मध्ये डाव्या फुफ्फुसातून गोळी आरपार, फौजेतून नाव कमी. तेव्हा वय अठरा!

मग बॉस्टनजवळच्या न्यूटन थिऑलॉजिकल इन्स्टिट्यूशनमधून १८७४ साली पदवी. तिथून पदवी घेणारा पहिला कृष्णवर्णीय. बॉस्टनच्या ट्वेल्फ्थ बॅप्टिस्ट चर्चमध्ये पास्टर. वॉशिंग्टनला जाऊन वर्तमानपत्र काढलं, ते बुडालं. सिनसिनाटीत परत पास्टर, तिथेच वकिलीचा अभ्यास. १८७९ मध्ये ओहायोच्या विधानसभेवर निवडून आला, राज्याचा पहिला कृष्णवर्णीय आमदार. एकच टर्म. पुढे आपल्या लोकांचा दोन खंडी इतिहास छापला (१८८२-८३). १८९० मध्ये काँगोत गेला. तो मुलूख तेव्हा बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाच्या खासगी मालकीचा. तिथला जुलूम पाहून राजालाच जाहीर पत्र लिहिलं. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये ब्लॅकपूलला वारला. एक्केचाळीस वर्षांत इतकं सगळं. मी एक्केचाळिसाव्या वर्षी गॅरेज आवरायला काढलंय.

आता प्रश्न. हा माणूस स्वतःबद्दल सर्रास फेकायचा. नावाआधी 'कर्नल' लावायचा, अमेरिकेच्या सैन्यात कधी त्या हुद्द्यावर नव्हता. बायको-मुलाला वाऱ्यावर सोडलं. उधाऱ्या थकवल्या. आणि ह्याच माणसाने काँगोबद्दल जे लिहिलं त्यातलं मुख्य ते सगळं पुढे खरं निघालं. स्वतःबद्दल खोटं बोलणाऱ्याची दुसऱ्याबद्दलची साक्ष कितपत धरायची? तुम्ही त्या वेळी असता तर विश्वास ठेवला असता का?

मुक्काम_पोस्ट_नगर

सैनिक, धर्मगुरू, संपादक, वकील, आमदार, इतिहासकार. ह्याला आमच्याकडे 'बहुरंगी, बहुढंगी, निष्ठावंत कार्यकर्ता' म्हणून चौकात फ्लेक्स लागला असता. खाली पन्नास शुभेच्छुक.

तिसरी_घंटा

आणि कर्नलचं म्हणाल तर आमच्या गल्लीत चार 'डॉक्टर' आहेत. एकालाही थर्मामीटर वाचता येत नाही.

बोरूबहाद्दर

चांगला धागा. दोन-तीन भर घालतो.

मेक्सिकोतला हुद्दा आणि यादवी युद्धातले पराक्रम हे बहुतेक त्याच्याच तोंडून आलेलं आहे. दहाव्या घोडदळातली नोकरी मात्र कागदावर पक्की आहे. ही कृष्णवर्णीय शिपायांची पलटण, अधिकारी गोरे. बफेलो सोल्जर्स म्हणतात ते हेच. गोळी लागली तेव्हा तो फोर्ट अरबकलला होता, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात.

मला त्याच्या आयुष्यातली सगळ्यात आवडती गोष्ट त्याच्यानंतरची. मार्च १८६९ मध्ये त्याने जनरल हॉवर्डना पत्र लिहिलं, की मला तुमच्या विद्यापीठात घ्या. त्या पत्रातलं स्पेलिंग इतकं वाईट आहे की वाचताना ओशाळल्यासारखं होतं. साधे साधे शब्द चुकलेले, विरामचिन्हांचा पत्ता नाही. पाच वर्षांनी हाच माणूस न्यूटनच्या पदवीदान समारंभात आफ्रिकेतल्या आरंभीच्या ख्रिस्ती धर्मावर भाषण देतो. मध्ये फक्त पाच वर्षं. पोरगा किती रात्री जागला असेल ह्याची कल्पना करा.

मुक्काम_पोस्ट_नगर

म्हणजे शुद्धलेखनाच्या धाग्यावर ज्यांना रोज झोडपलं जातं त्यांना अजून आशा आहे.

अनवट

सगळे कौतुकात रंगलेत म्हणून मी मुद्दाम दुसरी बाजू मांडते. १८७४ मध्ये शिकागोच्या सारा स्टेरेटशी लग्न, एक मुलगा. पुढे दोघांना सोडून हे महाशय युरोप, आफ्रिका फिरतायत. घटस्फोट नाही, आणि तरी इंग्लंडमध्ये एका तरुणीशी साखरपुडा. शेवटच्या आजारपणात ती आणि तिची आई त्याच्या उशाशी होत्या. सारा कुठे होती?

'थोर माणसांना माफ असतं' हे वाक्य कृपया कुणी लिहू नका. मी ते आमच्या घरातच पुरेसं ऐकलंय.

खारेदाणे

अनवट, माफीचा प्रश्नच नाही. माझा प्रश्न साक्षीचा आहे.

अनवट

साक्ष देणारा आणि नवरा ही दोन वेगळी माणसं असतात का?

ॲड_काळा_कोट

संभाजीनगर खंडपीठात अठ्ठावीस वर्षं काढलीत, म्हणून ह्या प्रश्नात नाक खुपसतो.

इंग्रजी कायद्यात एक जुनं लॅटिन सूत्र आहे. 'एका गोष्टीत खोटा तो सगळ्यात खोटा', असा त्याचा मतलब. ऐकायला फार झकास. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र ते वेळोवेळी नाकारलंय. भारतात तो कायद्याचा नियम नाही. फार तर सावध राहायची खूण. कारण कोर्टाला अनुभव आहे: साक्षीदार पिंजऱ्यात आला की थोडं मीठमसाला लावतोच. त्याच्या सगळ्या बोलण्यावर काट मारायची ठरवली तर एकही खटला उभा राहायचा नाही. भुसा वेगळा करायचा, दाणा वेगळा.

मी साक्षीदार तपासताना काय बघतो? एक, त्याने स्वतः पाहिलं का. दोन, जागा, वेळ, माणसं सांगतो का. तीन, खोटं बोलण्यात त्याचा फायदा काय. चार, दुसरा कुणी, ह्याच्याशी संबंध नसलेला, तेच सांगतो का.

'मी कर्नल आहे' म्हणण्यात विल्यम्सचा फायदा उघड आहे. काँगोबद्दल बोलण्यात काय फायदा? इथे कुणी माहीतगार असेल तर सांगा.

बोरूबहाद्दर

फायदा नाही वकीलसाहेब, धडधडीत तोटा. आणि इथेच गंमत आहे. हा आधी लिओपोल्डचा चाहता होता.

१८८४ मध्ये अमेरिकेने लिओपोल्डच्या काँगो संस्थेला सगळ्यांआधी मान्यता दिली, आणि मान्यता द्यावी ह्या बाजूने बोलणाऱ्यांत विल्यम्सही होता. राजाने जगाला सांगितलेलं, की मी तिथे अरबांचा गुलामव्यापार मोडायला चाललोय. गुलामगिरी बुडताना पाहिलेल्या माणसाला हे पटणारच. १८८९ मध्ये ब्रुसेल्सला राजाची मुलाखत घेतली आणि प्रभावित होऊन परतला. अमेरिकेतल्या शिकलेल्या कृष्णवर्णीय तरुणांनी काँगोत जाऊन काम करावं अशी त्याची योजना होती. व्हर्जिनियातल्या हॅम्प्टन इन्स्टिट्यूटमध्ये तो पोरं गोळा करायला गेला. पोरांनी साधे प्रश्न विचारले. तिथलं हवापाणी कसं, राहायचं कुठे, काम काय, पगार किती. ह्याला उत्तरं देता येईनात. म्हणून ठरवलं, आधी स्वतः जाऊन बघू.

राजाने परोपरीने सांगितलं, आत्ता जाऊ नका. हा गेलाच. प्रवासाला रेल्वेवाला कोट्यधीश कॉलिस हंटिंग्टनची मदत होती, आणि हंटिंग्टनचे काँगो रेल्वेत हितसंबंध. म्हणजे राजाही खूश, पैसेवालाही खूश, फक्त ह्याने चांगलं लिहायचं होतं. असा सुखाचा घास त्याने थुंकून टाकला.

ॲड_काळा_कोट

मग माझ्या लेखी साक्षीदार दणकट आहे. स्वतःच्या हिताविरुद्ध बोलणारा. पुढे बोला.

कापूसकोंड्या

मध्येच येतो. ह्याच यादवी युद्धाने मुंबई घडवली आणि बुडवली हे विसरू नका. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना, आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत बँका, जमिनी, समुद्र बुजवण्याच्या कंपन्या, सगळ्यांचे शेअर गगनाला. प्रेमचंद रायचंदचा जमाना. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि सगळा डोलारा कोसळला. तिकडे विल्यम्स गणवेश उतरवत होता, तेव्हा इकडे लोक कपडे विकत होते.

तिसरी_घंटा

कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?

कापूसकोंड्या

'सांगू' काय म्हणता, सांगितलीच की!

तिसरी_घंटा

'सांगितलीच की' काय म्हणता, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?

संपादक

दोघांनीही विषयावर यावं. उरलेले एकोणीस प्रतिसाद उडवले आहेत.

गोदाकाठ

कापसापेक्षा जवळचा धागा आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' छापलं ते अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण करून, ज्यांनी गुलामांना दास्यातून सोडवलं. विल्यम्स त्या वर्षी न्यूटनमध्ये पुस्तकांत डोकं घालून बसलेला. दोघांना एकमेकांचं नाव ठाऊक असायचं कारण नाही. पण दोघांनाही एक गोष्ट कळली होती: आपला भूतकाळ दुसऱ्यांनी लिहून ठेवलाय, तोवर आपण मागासलेलेच राहणार. फुले बळीराजापर्यंत मागे गेले. विल्यम्सने आपला इतिहास इजिप्त आणि इथिओपियापासून सुरू केला, मग १६१९ पासून १८८० पर्यंत अमेरिकेतला. सैन्यातून बाहेर पडून लिहायला शिकलेल्या माणसाने चौदा वर्षांत हजारावर पानं लिहिली. रचना विस्कळीत आहे, कागदपत्रंच्या कागदपत्रं मध्येच ओतून ठेवलीत. मी पहिला खंड वाचायला घेतला आणि तीनदा सोडला. तरी त्याच्याआधी ह्या आवाक्याचं कुणी केलं नव्हतं.

अनवट

गोदाकाठ, छान. पण फुल्यांच्या शेजारी सावित्रीबाई दिसतात. ह्याच्या शेजारी कुणी नाही. बस, एवढंच म्हणते आणि गप्प बसते.

गोदाकाठ

हे मान्य. निरुत्तर.

मुक्काम_पोस्ट_नगर

एक बाळबोध शंका. ह्याला 'मिनिस्टर' म्हणतात ते मंत्री म्हणून का?

बोरूबहाद्दर

नाही हो, चर्चचा मिनिस्टर, धर्मोपदेशक. पण तुमची शंका बाळबोध नाही, कारण तो दुसऱ्या अर्थानेही मिनिस्टर होता होता राहिला! मार्च १८८५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आर्थरने जाता जाता त्याला हैतीला मिनिस्टर, म्हणजे अमेरिकेचा वकील, म्हणून नेमलं. सिनेटने मंजुरीही दिली. तेवढ्यात चार मार्चला क्लीव्हलंड आला. पक्ष वेगळा, माणसं वेगळी. ह्याच्या उधाऱ्यांच्या तक्रारी पुढे आल्या, आणि परराष्ट्र खात्याने त्याला हैतीला पाठवलंच नाही. ह्याने पगारासाठी सरकारवर दावा ठोकला. हरला.

मुक्काम_पोस्ट_नगर

शपथविधीची शेरवानी शिवून तयार आणि सरकार पडलं. फार जवळचं दुःख आहे हे.

शून्य_प्रहर

आमदारकीबद्दल कुणीच बोलत नाहीये. मी पंचायत समितीत एक टर्म काढलीय, म्हणून त्याच भागात मला रस.

हॅमिल्टन काउंटीतून रिपब्लिकन तिकिटावर गेला. १८७७ ला पडला होता, १८७९ ला आला. ओहायोत १८६१ चा एक कायदा होता, गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाला बंदी करणारा. तो रद्द करायला ह्याने विधेयक आणलं. झालं नाही. कायदा गेला १८८७ मध्ये, तोवर हा सभागृहात नव्हता.

त्याला नडली ती स्मशानभूमी. सिनसिनाटीजवळ ॲव्हनडेल म्हणून पैसेवाल्या गोऱ्यांची वस्ती. तिथे कृष्णवर्णीयांचं जुनं दफनस्थान होतं. वस्तीवाल्यांना ते डोळ्यांत खुपायचं. तिथलं दफन बंद करायचं विधेयक आणलं कुणी, तर विल्यम्सने! त्याचेच मतदार खवळले. आपला माणूस निवडून दिला आणि तो आपलीच माती विकायला निघाला, असं लोकांना वाटलं. सभा झाल्या, निषेध झाले. पुन्हा तो उभा राहिला नाही.

मी सांगतो, रस्ता चुकला, पाण्याची लाईन चुकली, लोक विसरतात. स्मशानाच्या जागेला हात लावलेला सात पिढ्या विसरत नाहीत. आमच्याकडे एका गावात शेड कुठल्या बाजूला बांधायची ह्यावरून सरपंच गेला.

खारेदाणे

हे मी वरवर वाचून सोडलं होतं. म्हणजे आपल्याच लोकांचा विश्वास त्याने गमावला, आणि दहा वर्षांनी परक्या लोकांसाठी उभा राहिला.

शून्य_प्रहर

किंवा उलट. आमदार म्हणून कुणाला तरी खूश करावं लागत होतं. काँगोत कुणालाच खूश करायचं नव्हतं, तेव्हा खरं बोलला.

बोरूबहाद्दर

वकीलसाहेबांनी विचारलं होतं, त्याने स्वतः काय पाहिलं. तर १८९० मध्ये नदीने वर जात तो स्टॅन्ली फॉल्सपर्यंत पोचला आणि तिथून १८ जुलैला राजाला पत्र लिहिलं. सुरुवात 'चांगल्या आणि थोर मित्रा', राजेरजवाड्यांना लिहितात तशी अदबीची. मग एकामागून एक बारा आरोप.

त्याआधी, गावांकडून जमिनी कशा मिळवल्या ते सांगताना त्याने दिलेल्या तीन युक्त्या मी विसरू शकत नाही. पहिली: लंडनहून आणलेल्या विजेच्या बॅटऱ्या कोटाखाली दंडाला बांधायच्या, तार तळहातावरच्या पट्टीपर्यंत आणायची. गोरा माणूस गावच्या मुखियाशी हात मिळवतो, मुखियाला असा झटका बसतो की पडायचाच बाकी. गोऱ्यांच्या अंगात झाड उपटायचं बळ आहे म्हणे! दुसरी: भिंगाने सिगार पेटवायची आणि सांगायचं, सूर्य आमच्या घरचा, म्हटलं तर तुमचं गाव जाळेल. तिसरी: बंदूक भरायची, पण गोळी बाहीत लपवायची. बंदूक मुखियाच्या हातात देऊन म्हणायचं, झाड माझ्यावर. बार उडतो, गोरा खाली वाकतो आणि बुटातून गोळी काढून दाखवतो. ह्या युक्त्या आणि जिनच्या काही पेट्या, एवढ्यावर गावंच्या गावं राजाच्या नावे झाली.

पुढे कैद्यांचं वर्णन आहे. बैलांच्या साखळ्या गळ्यात, त्यांनी मानेची कातडी सोलवटलेली, जखमांवर माश्या. हे ब्रुसेल्सच्या खुर्चीत बसून सुचत नाही.

ॲड_काळा_कोट

माश्या. बरोबर. खोटा साक्षीदार रक्त सांगतो, माश्या सांगत नाही.

तिसरी_घंटा

वरचं वाक्य मी नाटकात ढापणार आहे. आगाऊ सूचना.

गंभीर_गोगलगाय

मी वाचलं होतं की 'मानवतेविरुद्ध गुन्हे' हा शब्दप्रयोग जगात पहिल्यांदा ह्यानेच केला. खरं का?

बोरूबहाद्दर

'जगात पहिल्यांदा' म्हणणं जरा जास्त होईल. गुलामगिरीविरुद्ध लिहिणारी मंडळी तशा अर्थाचं आधीपासून बोलत होती. पण १५ सप्टेंबर १८९० ला त्याने अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री ब्लेन ह्यांना पत्र लिहिलं, त्यात काँगोचं राज्य गुलामांच्या व्यापारात आहे आणि मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांचं दोषी आहे असं स्पष्ट आहे. एका राजवटीवर, सरकारी पत्रव्यवहारात, नेमका आजच्या अर्थाने. नाझींवरच्या न्यूरेंबर्ग खटल्याच्या पंचावन्न वर्षं आधी. शिवाय आंतरराष्ट्रीय आयोग नेमून चौकशी करा अशी मागणी. पहिला की दुसरा ह्यात जीव कशाला अडकवायचा?

गंभीर_गोगलगाय

जीव अडकत नाही, फॉरवर्ड करायला 'पहिला' लागतो.

खारेदाणे

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे. पत्र छापलं गेल्यावर बेल्जियममध्ये काय उत्तर आलं बघा. मुद्द्यांवर नंतर, आधी 'हा कर्नल आहे का?' वर्तमानपत्रांनी त्याचा हुद्दा खणून काढला. स्टॅन्ली, आफ्रिकेचा तो नावाजलेला प्रवासी, म्हणाला हा ब्लॅकमेलचा प्रकार आहे. बेल्जियमच्या संसदेत राजाची तळी उचलली गेली, काँगोच्या अधिकाऱ्यांनी लांबलचक खुलासा छापला. म्हणजे त्याच्याच खोट्याने त्याच्या खऱ्याचा गळा धरला. मला राग येतो तो इथे. साधं 'श्री.' लावलं असतं तर काय बिघडलं असतं?

गोदाकाठ

खारेदाणे, रागावर थोडं पाणी ओतते. १८९० मध्ये साध्या 'श्री. विल्यम्स' नावाच्या काळ्या माणसाला राजाने भेट दिली असती? यादवी युद्धात जवळपास एक लाख एकोणऐंशी हजार कृष्णवर्णीय उत्तरेकडून लढले. गोऱ्या शिपायाला महिना तेरा डॉलर, ह्यांना दहा, त्यातले तीन कपड्यांचे कापून हातात सात. समान पगार मिळायला जून १८६४ उजाडला. अधिकारीपद तर हजारांत एखाद्याला. ज्या फौजेने त्याला कर्नल होऊच दिलं नसतं, तिच्या नावाने त्याने ते स्वतःच लावून घेतलं. खोटं ते खोटंच, पण राजाचा दरवाजा कुठल्या किल्लीने उघडतो हे त्याला ठाऊक होतं.

ह्या शिपायांवर त्याने १८८७ मध्ये वेगळं पुस्तकही काढलं. त्यांचं स्मारक व्हावं म्हणून झटला. वॉशिंग्टनला तसं स्मारक उभं राहिलं १९९८ मध्ये.

खारेदाणे

हे मला सुचलं नव्हतं. रागाचं थोडं पाणी झालं, सगळं नाही.

अनवट

गप्प बसते म्हटलं होतं, पण गोदाकाठ, किल्लीचं मला पटलं. त्याच किल्लीने घराचं दार बाहेरून बंद केलं, एवढंच लक्षात असू द्या.

ॲड_काळा_कोट

माझा चौथा मुद्दा राहिलाय. दुसरा, असंबंधित साक्षीदार?

बोरूबहाद्दर

रॉजर केसमेंट, ब्रिटिश कॉन्सल. त्याचा अहवाल १९०४ मध्ये छापला गेला. सरकारी माणूस, विल्यम्सशी संबंध नाही. त्याच वर्षी मोरेल नावाच्या ब्रिटिश पत्रकाराने काँगो सुधारणेची चळवळ उभी केली, आणि १९०८ मध्ये लिओपोल्डला काँगो बेल्जियम सरकारच्या हवाली करावं लागलं. रबरासाठी हात तोडण्याचे प्रकार विल्यम्स गेल्यानंतर वाढले. त्याने पाहिलं ती नुसती सुरुवात होती.

अजून एक. १८९० च्या त्याच उन्हाळ्यात एक पोलिश खलाशी त्याच नदीवर बोटीने वर चालला होता, पुढे इंग्रजीत नाव काढलेला जोसेफ कॉनरॅड. तो सप्टेंबरच्या सुरुवातीला स्टॅन्ली फॉल्सला पोचला. कॉनरॅडने पाहिलेलं कादंबरीत उतरायला नऊ वर्षं लागली. विल्यम्सने तिथेच बसून लिहिलं, छापलं, पाठवलं. जग कादंबरी वाचतं.

ॲड_काळा_कोट

साक्ष ग्राह्य. हुद्द्याबद्दल साक्षीदारास समज देऊन सोडण्यात येत आहे.

अनवट

आणि पोटगीचा अर्ज प्रलंबित.

ॲड_काळा_कोट

तो कौटुंबिक न्यायालयात, बाई. पण अर्जात दम आहे.

लँकेशायरची_लेक

उशिरा आले, धागा आज वाचला. मी प्रेस्टनला राहते, ब्लॅकपूल अर्ध्या तासावर. आमच्याकडे पाहुणे आले की ब्लॅकपूल ठरलेलंच: टॉवर, वाळू, गाढवं, आणि हातातले चिप्स पळवणारे सीगल. सासूबाईंचा अख्खा मासा नेलाय एकाने.

विल्यम्सची कबर तिथे लेटन सिमेट्रीत आहे. इजिप्तमध्ये आजारी पडून इंग्लंडला आला, समुद्राच्या हवेने बरं वाटेल म्हणून ब्लॅकपूलला आणलं, २ ऑगस्ट १८९१ ला गेला. क्षय आणि फुफ्फुसाच्या आवरणाची सूज. टॉवर तेव्हा नव्हता, तो १८९४ चा. म्हणजे त्याने नुसताच समुद्र पाहिला असेल.

चौऱ्याऐंशी वर्षं त्या जागेवर दगडही नव्हता. इतिहासकार जॉन होप फ्रँकलिन ह्यांनी कबर शोधून काढली आणि १९७५ मध्ये दगड बसवला. त्यांनी ह्या एका माणसाच्या मागे कित्येक दशकं घालवली, १९८५ मध्ये चरित्र छापलं. खारेदाण्यांनी वर जी खोटी म्हणून यादी दिलीय ना, कर्नल, उधाऱ्या, बायको, ती सगळी ह्या फ्रँकलिननीच कागद तपासून उघड केली. इतकं प्रेम केलं आणि काहीही झाकलं नाही.

दगडावर काय लिहिलंय माहितीये? नाव, त्याखाली 'आफ्रो-अमेरिकन इतिहासकार', आणि १८४९–१८९१. बस.

खारेदाणे

कर्नल नाही?

लँकेशायरची_लेक

कर्नल नाही. रेव्हरंड नाही, ऑनरेबल नाही. शनिवारी नवऱ्याला घेऊन परत जाते आणि फोटो टाकते.

शून्य_प्रहर

आमदार म्हणून तर नाहीच. ॲव्हनडेलवाल्यांना बरं वाटलं असेल. शेवटी माणसाला स्वतःलाच परक्या स्मशानात जागा शोधावी लागली.

मुक्काम_पोस्ट_नगर

शून्यराव, आज तुम्ही सिक्सर मारताय.

गंभीर_गोगलगाय

फुफ्फुसातली जुनी गोळी आणि शेवटी फुफ्फुसाचाच आजार. काही संबंध असेल? इथे कुणी डॉक्टर? (थर्मामीटर वाचता येणारे.)

निशिगंध_एमडी

वाचता येतो. क्षय जंतूंनी होतो, गोळीने नाही, आणि त्या काळी धडधाकट माणसंही त्याने जायची. पण एका बाजूचं फुफ्फुस आधीच जखमी असेल तर झुंजायला बळ कमी पडतं. तेवीस वर्षांनंतर, कागदावरून, ह्यापलीकडे बोलणारा डॉक्टर भेटला तर त्याची डिग्री तपासा. तो बहुधा कर्नल असेल.

लँकेशायरची_लेक

जाऊन आले. पाऊस होता, नवरा गाडीतच बसला. दगडाच्या खालच्या कडेला शेवाळ धरलंय, साल वाचायला वाकावं लागलं. रुमालाने जमेल तेवढं पुसलं. शेजारच्या कबरींवर प्लॅस्टिकची फुलं आहेत, ह्याच्यावर कुणीतरी एक अमेरिकन सेंट ठेवून गेलंय, लिंकनची बाजू वर. फोटो तीनदा चढवून पाहिला, साइट घेत नाहीये.

संपादक

फोटो दोन एमबीच्या आत हवा.

खारेदाणे

लेक, लहान करून टाका ना. सासरे विचारतायत, सेंट ठेवणारा ओहायोचा होता का.